बेस गिटार थेट अ‍ॅम्पला जोडून वाजवावी की मध्ये पेडल घ्यावे?

खर्जवाला, लातूर

सर्वांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, भाद्रपदात गणेश मंडळांचे ऑर्केस्ट्रा आणि मधल्या काळात लग्नघरचे कार्यक्रम, असे आमचे वर्ष जाते. माझ्याकडे चार तारांची, बॅटरी नसलेली साधी पॅसिव्ह बेस आणि 10 इंची स्पीकरचा 40 वॅटचा अ‍ॅम्प आहे. मध्ये काहीही न लावता मी एकच केबल थेट अ‍ॅम्पमध्ये घालतो.

घरी सराव करताना आवाज भरदार आणि गोड लागतो. कार्यक्रमात मात्र तोच आवाज एक तर नुसता घुमतो, सूर कोणता ते कळत नाही, नाही तर ढोलक आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की पार गडप होतो. आमच्या पार्टीतल्या गिटारवाल्या दादांचे म्हणणे आहे की पेडलशिवाय, म्हणजे पायाने चालवायच्या आवाज बदलणाऱ्या यंत्राशिवाय, बेसचा आवाज कोराच राहणार, तेव्हा मल्टिइफेक्ट, म्हणजे अनेक इफेक्ट एकत्र असलेले पेडल, घेऊन टाक. आठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, पण ते एकदा खर्च झाले की पुन्हा लवकर जमणारे नाहीत. थेट अ‍ॅम्पला जोडून वाजवणे ही माझी उणीव आहे की दोष दुसरीकडे आहे, हे जाणकारांनी सांगावे. अ‍ॅम्पवर मी बेसचा नॉब जवळजवळ पूर्ण पुढे, मिडल अगदी कमी आणि ट्रेबल मध्यावर ठेवतो.

जुना ऑर्केस्ट्रावाला, छत्रपती संभाजीनगर

आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या वाक्यातच आहे, त्यामुळे आठ हजार रुपये तूर्त खिशातच ठेवावेत.

कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवले. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू वाजवतो, खर्ज पुरेसा लागत नाही म्हणून बेसचा नॉब पुढे नेतो, आणि मधले स्वर कर्कश वाटतात म्हणून मिडल मागे घेतो. हीच जुळवणी पटांगणात नेऊन आवाज चौपट केला की कानाला खर्ज आता व्यवस्थित ऐकू येऊ लागतो आणि वर आपण वाढवलेला खर्ज असतोच. त्यातून ते घुमणे येते. दुसरे असे की कोणत्याही पट्ट्यात 6 डेसिबलची वाढ केली की अ‍ॅम्पला तिथे चौपट शक्ती लागते. 40 वॅटच्या अ‍ॅम्पने ती आणायची कोठून? तो खर्ज ढकलण्यातच दमून जातो आणि बाकी आवाजासाठी त्याच्याकडे काही उरत नाही.

आता गडप होण्याविषयी. बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, साधारण 41 हर्ट्‌झवर वाजते. 10 इंची स्पीकरच्या लहान खोक्यातून 41 हर्ट्‌झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. आपल्याला जे ऐकू येते ते 82, 123 आणि त्यावरचे उपस्वर असतात आणि त्यांच्यावरून मूळ स्वर कान स्वतःच जुळवून घेतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर न छेडलेला गंधार जसा ऐकू येतो, तसेच हे आहे, फक्त उलट्या दिशेने. हे उपस्वर जिथे असतात तो मधला पट्टाच आपण मिडलचा नॉब मागे घेऊन कापून टाकलेला आहे. खालच्या पट्ट्यात ढोलकचा धुमा, म्हणजे खर्जाची बाजू, आणि ऑक्टोपॅडचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आधीच ठाण मांडून बसलेले असतात, त्यामुळे तिथे जागा नाही, आणि जिथे जागा होती तिथून आपण स्वतःच उठून आलो.

तेव्हा पुढच्या तालमीला सगळे नॉब मध्यावर आणावेत. एकट्याने वाजवून पाहू नये, कारण एकट्याने ऐकताना ही जुळवणी हमखास कोरडी आणि ओबडधोबड वाटते. ढोलक, ऑक्टोपॅड आणि गाणारे सर्व जण सुरू असताना मिडल थोडा पुढे न्यावा आणि बेसचा नॉब मध्याच्या किंचित मागे घेऊन पाहावे. गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, ठरवताना आपण कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवतो तितक्या जोराने वाजवावे, क्लिपचा, म्हणजे आवाज फाटू लागल्याचा, लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवावा आणि मग थोडा मागे घ्यावा. अ‍ॅम्प मांडवाच्या किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नये, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज आणखी फुगवतात. खुर्चीवर ठेवून स्पीकर आपल्या कानाकडे वळवला तर आपण काय वाजवतो ते निदान आपल्याला तरी कळते.

उरलेले काम उजव्या हाताचे आहे आणि माझ्या मते तेच मोठे आहे. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने वापरताना बहुतेकांचे एक बोट जोरात आणि एक हलके पडते, आणि पेडलवाले मग त्यावर कंप्रेसर, म्हणजे जोरातले आणि हलके स्वर एकसारखे करणारे पेडल, सुचवतात. मेट्रोनोम सावकाश लावून, एकाच तारेवर, दोन्ही बोटांचा आघात सारखा ऐकू येईपर्यंत वाजवावे. पुलाजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, छेडले की आवाज आवळलेला आणि स्पष्ट येतो, मानेजवळ छेडले की गोल आणि जाड येतो. अंगठा पिकअपवरून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीवरून, चार बोटे पुढे किंवा मागे सरकवला की ध्रुपद आणि अंतरा यांचा आवाज वेगळा होतो, त्यासाठी पायाखाली काही लागत नाही. वाजवत नसलेल्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी हलकेच दाबून ठेवाव्यात, कारण निम्मे घुमणे या मोकळ्या सुटलेल्या तारांचे असते.

मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन 1962 सालची फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस वाजवत असत. तिच्यावर गुळगुळीत वेढ्याच्या जुन्या तारा, पुलाच्या झाकणाखाली फोमचा तुकडा आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी, एवढाच त्यांचा सरंजाम होता. डेट्रॉइटच्या स्टुडिओत त्यांची गिटार बहुधा थेट मिक्सरच्या टेबलाला जोडलेली असे, म्हणजे तिथे तर अ‍ॅम्पसुद्धा नव्हता. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर पट्टी कापून पुलाजवळ तारांखाली सरकवून पाहावी. तार छेडल्याबरोबर स्वर उठतो, थोडा टिकतो आणि पुढच्या ठोक्याआधी स्वतःच विझतो. ढोलकच्या चालीवर हा आवाज फार शोभतो.

साउंडवाला, नांदेड

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु त्यात तालमीच्या खोलीचा विचार आहे, पटांगणाचा नाही. हजार माणसे बसलेल्या मैदानात आपला 40 वॅटचा अ‍ॅम्प श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्यांना जे ऐकू येते ते आमच्या टॉप आणि सब, म्हणजे वरच्या स्वरांच्या आणि खर्जाच्या, स्पीकरमधून. तिथे अ‍ॅम्प हा वाजवणाऱ्याचा मॉनिटर असतो, एवढे धरून चालावे.

त्यामुळे खरा प्रश्न बेस मिक्सरपर्यंत कशी येते हा आहे. अनेक ठिकाणी साधी गिटारची केबल जोडून जोडून लांब केलेली असते आणि ती मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसलेली असते. पॅसिव्ह पिकअपला समोरून सुमारे 10 लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम, इतक्या विद्युत विरोधाचा इनपुट लागतो आणि अ‍ॅम्पला तो असतो. मिक्सरचा लाइन इनपुट पुष्कळदा 10 ते 20 हजार ओहमचाच असतो. त्याच्या ओझ्याखाली पिकअपची धार बोथट होते, वरचे स्वर लांब केबलमध्ये जिरतात, आणि केबल बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा आवाज खोडणारी, नसल्याने वाटेतल्या लाइटिंगच्या वायरींचा हम, म्हणजे सततची घरघर, त्यात मिसळतो. मग आवाज कोरा आहे म्हणून पेडल घ्या, असा सल्ला मिळतो.

यावर उपाय डीआय बॉक्सचा, म्हणजे गिटारचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणाऱ्या लहान पेटीचा, आहे. बेसची केबल डीआयमध्ये, डीआयच्या लिंक या दुसऱ्या जॅकमधून अ‍ॅम्पमध्ये आणि एक्सएलआर या तीन पिनांच्या जॅकमधून मिक्सरकडे, अशी जोडणी करावी. डीआय आवाजाला रंग देत नाही, म्हणून त्याला इफेक्ट समजू नये. आपली बेस पॅसिव्ह असल्याने अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्यावा, कारण त्याचा इनपुट मेगओहमच्या घरात असतो. त्याला मिक्सरकडून 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच येणारी वीज, लागतो, तेवढे साउंडवाल्याला आधी सांगून ठेवावे. पॅसिव्ह डीआय मजबूत आणि बिनबोभाट असतो, पण त्याचा इनपुट साधारण शंभर ते दीडशे किलोओहमचा असल्याने तो बॅटरी असलेल्या बेसला आणि कीबोर्डला जास्त मानवतो.

अ‍ॅम्पच्या मागे डीआय आउट असेल आणि तिथे प्री (नॉबच्या आधीचा आवाज) व पोस्ट (नॉबनंतरचा आवाज) असे बटण असेल तर ते प्रीवर ठेवावे. पोस्टवर ठेवल्यास आपण स्टेजवर स्वतःसाठी नॉब फिरवला की समोरच्या हजार माणसांचाही आवाज फिरतो आणि मिक्सरवर बसलेला माणूस कारण शोधत राहतो.

मंद्रसप्तक, परभणी

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही पेडलविरोध जरा जास्त झाला असे नम्रपणे सुचवतो. जुन्या ध्वनिमुद्रणांतला थेट अ‍ॅम्पचा आवाज म्हणून जो नावाजला जातो, त्यात अ‍ॅम्पचा वाटा फार मोठा आहे. 1960 साली आलेला अँपेग कंपनीचा बी-15 किंवा 1969 चा 300 वॅटचा एसव्हीटी हे वाल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प होते. वाल्व्हवर ताण आला की आवाज आपोआप दाबला जातो आणि त्याला किंचित खरखरीत धार येते. म्हणजे कंप्रेसर आणि ड्राइव्ह अ‍ॅम्पच्या पोटातच होते. आपल्याकडच्या 40 वॅटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त पिळले तर तो फक्त फाटतो. तेव्हा चांगल्या प्रतीचा एक प्रीअ‍ॅम्प-ड्राइव्ह पेडल, ज्यात मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचा ब्लेंड नॉब आहे, तो लावणे गैर नाही. ब्लेंड नसेल तर मात्र ड्राइव्ह सुरू करताच खर्ज नाहीसा होतो.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगानाला साथ करायची वेळ आली, तर नुसत्या बोटांनी रॉकचा आवाज निघत नाही, हेही लक्षात घ्यावे. शिवाय सूर जुळवून दाखवणारा ट्यूनरही हवा. मे महिन्यातल्या भर उन्हात कापडी मांडवाखाली गिटार ठेवली की तासाभरात तारा उतरतात, आणि गाण्यांच्या मधल्या गोंगाटात कानाने सुरात लावणे अवघड जाते.

जुना ऑर्केस्ट्रावाला, छत्रपती संभाजीनगर

वाल्व्हचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. माझा आक्षेप क्रमाला आहे. मिडल कापलेला, गेन वर-खाली झालेला आणि बोटे असमान असलेला आवाज ड्राइव्हमध्ये घातला तर तेच दोष मोठे होऊन बाहेर येतात. प्रश्नकर्ते भीमगीते आणि मंडळांचे कार्यक्रम वाजवतात. तिथे शब्द ऐकायला माणसे आलेली असतात आणि गायकाच्या आवाजाखाली बेस सरळ आणि ठाम लागावा एवढीच अपेक्षा असते. युवक महोत्सवासाठी ड्राइव्ह एका दिवसापुरता मित्राकडून मागून घेता येईल.

ट्यूनरबाबत मतभेद नाही, मात्र गिटारला चिमट्याने लावायचा क्लिपचा ट्यूनर ई तारेवर कधी कधी गडबडतो. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून छेडले की येणारा हार्मोनिक वाजवून पाहिल्यास तो लगेच ओळखतो. आणि उन्हाचा विषय निघालाच आहे तर, घामाने तारा लवकर मरतात. कार्यक्रम संपल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसून ठेवावी.

खर्जवाला, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. काल तालमीत नॉब मध्यावर आणले आणि मिडल थोडा वाढवला. सुरुवातीला आवाज मलाच आवडला नाही, पण गायक ताई स्वतःहून म्हणाल्या की आज सूर धरायला सोपे गेले. स्पंजची पट्टीही लावली आहे. आठ हजारांतून आधी अ‍ॅक्टिव्ह डीआय आणि एक चांगली केबल घेईन.

एक शंका उरते. खेड्यातल्या कार्यक्रमांत जनरेटर असतो आणि तिथे अ‍ॅम्पमधून सतत हम येतो. प्लगची मधली जाड पिन काढून टाकली की हम जातो, असे एका ओळखीच्या माणसाने सांगितले. तसे करावे काय?

साउंडवाला, नांदेड

अजिबात करू नये. ती अर्थिंगची पिन आहे. बेसच्या तारा पुलामार्फत आणि केबलमार्फत अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड होऊन त्याच्या चेसिसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, वीज उतरली आणि पिन काढलेली असली, तर ती आपल्या बोटांपर्यंत येते. दुसरीकडे अर्थ असलेल्या माइकला त्याच वेळी ओठ लागले की विजेचा मार्ग छातीतून जातो.

हम कोठून येतो ते आधी ओळखावे. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण बंद केल्यावरही हम तसाच राहत असेल तर तो गिटारचा नाही, जोडणीचा आहे. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असतील तर अर्थचे वेटोळे तयार होते. अशा वेळी दोघांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, आणि तरीही हम राहिल्यास डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. त्याने फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची अर्थ तुटते, अ‍ॅम्पची कायम राहते, म्हणून ते सुरक्षित आहे. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर गिटारच्या आतल्या शिल्डिंगकडे, म्हणजे हम अडवणाऱ्या धातूच्या अस्तराकडे, पाहावे लागेल. आणि आपल्या बेसला जॅझ पद्धतीचे दोन वेगवेगळे पिकअप असतील तर दोघांचे व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडून पाहावेत, कारण सहसा त्यांतला एक उलटा गुंडाळलेला असतो आणि दोघांचा हम एकमेकांना खोडतो.

जनरेटरला जमिनीत पुरलेल्या सळईची अर्थ दिली आहे की नाही, हे सामान उतरवण्याआधीच मंडपवाल्याला विचारावे. दिलेली नसेल तर ती दिल्याशिवाय अ‍ॅम्प सुरू करू नये.