पडक्या थिएटरात एकट्याने

स्वस्त, जुनाट थिएटरात एकट्याने जाणे केविलवाणे वाटते, असे पुष्कळ जण म्हणतात. मला मात्र तसे कधी वाटले नाही. सोबत कोणी असले की फाटक्या खुर्चीबद्दल आणि कुरकुरणाऱ्या पंख्याबद्दल आपणच अपराधी असल्यासारखे वाटत राहते. एकटे असताना खुर्ची डगमगली तर दुसरी शोधायची, एवढाच प्रश्न उरतो. (बसण्यापूर्वी बैठक हाताने चाचपून पाहावी, हा अनुभवाचा सल्ला.)

चित्र अंधूक दिसते, यात दोष नेहमी पडद्याचाच असतो असे नाही. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा वापराने मंदावत जातो आणि तो महाग असल्याने नवा बसवणे लांबणीवर पडते. ३५ मिमी फिल्मच्या काळात सेकंदाला २४ चौकटी सरकत आणि रीळ संपण्याच्या सुमारे ८ सेकंद आधी, मग अगदी शेवटी पुन्हा एकदा, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकून जाई. ऑपरेटरने पुढचे रीळ लावलेला दुसरा प्रोजेक्टर सुरू करावा यासाठीची ती खूण असे. शेजारी बोलणारे कोणी असते, तर तो ठिपका मला कधी दिसलाच नसता. पुढेपुढे तर मी कथेपेक्षा त्याचीच वाट पाहू लागलो होतो.