मदत हवी आहे: ही घडीव लोखंडी वस्तू कशाची?

जुन्या भंगारात सापडली. लांबी ३४ सेंटिमीटर, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, चौकोनी सळई १८ मिलिमीटर जाडीची. एका टोकाला वळवलेलं कडं. त्याचा सांधा तापवून ठोकलेला आहे, वेल्डिंग नाही. दुसरं टोक चपटं करून काटकोनात वाकवलंय आणि त्यात व्ही आकाराची खाच आहे. अंगभर हातोड्याचे ठोके, फार सुंदर काम!

रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने गंज काढला. शिक्का, अक्षर काही नाही. चुंबक चिकटतं. आधी चाकाची खीळ वाटली, पण तिला खाच कशाला? ॲसिड किंवा ग्राइंडर वापरायचा नाही, जुना पृष्ठभाग जपायचाय.

झीज फक्त खाचेच्या आतल्या बाजूला आणि कड्याच्या वरच्या अंगाला आहे. अशी झीज कुठल्या अवजाराला येते?