शंभर वर्षांच्या नोंदींवरून दहा हजार वर्षांची पाणीपातळी कशी काढतात?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा. सध्या नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला हायड्रॉलिक इंजिनिअरिंगमध्ये एम.एस्सी. करतोय. इथे आल्यापासून एक आकडा सतत कानावर पडतो: दहा हजार. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून झीलंडमध्ये घुसलं आणि देशात अठराशेहून जास्त माणसं गेली. मग डेल्टा समिती नेमली गेली. तिने सांगितलं की मध्य हॉलंडचे बांध दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पातळीला टिकले पाहिजेत. १९५३ ला हूक व्हान हॉलंडला पाणी ३.८५ मीटरपर्यंत चढलं होतं, समितीने तिथे ५ मीटर धरायला सांगितलं.

त्या ठिकाणच्या नोंदी तेव्हा शंभर वर्षांच्याही नव्हत्या. मग दहा हजार वर्षांबद्दल कुणी बोलावं कसं? प्राध्यापकांनी लॉरेन्स द हान या डच संख्याशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं, पण त्यांचे पेपर उघडले की दुसऱ्या पानावर मी अडकतो.

दुसरा प्रश्न आमच्या बाबांचा. २००५, २०१९, २०२१ असा तीनदा पूर पाहिला त्यांनी. फोनवर विचारतात, "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर तीनदा कसा आला, ते तुमच्या गणितवाल्यांना विचार."

तिसरा: बी.ई.ला आम्हाला एवढंच शिकवलं की वार्षिक कमाल आकडे घ्या आणि गम्बेल नावाचं संभाव्यता वितरण बसवा. गम्बेलच का, हे कुणी सांगितलं नाही.

निवृत्त_सांख्यिकी

पहिला प्रश्न फार सुंदर आहे, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि हा विषय एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात यावा म्हणून विभागात भांडलोही आहे.

सरासरीचं प्रमेय तुम्हाला माहीत आहे. मूळ वितरण कसंही असो, विचरण (आकड्यांच्या पसरटपणाचं माप) सांत, म्हणजे मर्यादित, असेल तर पुष्कळ निरीक्षणांची सरासरी घंटेच्या आकाराच्या वक्राकडे जाते. कमाल मूल्यासाठीही असा नियम आहे का? आहे. रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट यांनी तो १९२८ साली मांडला. टिपेट इंग्लंडमध्ये सुती कापड उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते. सूत जिथे सगळ्यात कमजोर असतं तिथे तुटतं, म्हणजे तो किमान मूल्याचा प्रश्न झाला. चिन्ह उलटं केलं की तोच कमालचा. पूर्ण, काटेकोर सिद्धता बोरिस ग्नेडेन्को यांनी १९४३ मध्ये दिली. कमाल मूल्याला योग्य मोजपट्टी लावल्यावर ते एखाद्या वितरणाकडे स्थिरावत असेल, तर ते वितरण तीनच घराण्यांतलं असतं: गम्बेल, फ्रेशे किंवा वायबुल. चौथं नाही. मला हे प्रमेय आजही वाचताना आनंद होतो.

पुढे ही तिन्ही एकाच सूत्रात बसली. त्यात शेपटीचा, म्हणजे वितरणाच्या फार मोठ्या आकड्यांकडच्या टोकाचा, आकार ठरवणारा एकच आकडा आहे, त्याला गॅमा म्हणू. गॅमा ऋण असेल तर शेपटीला शेवट असतो, त्यापलीकडे काही घडूच शकत नाही. शून्य असेल (हेच गम्बेल) तर शेवट नाही, पण शेपूट झपाट्याने बारीक होत जाते. धन असेल तर शेपूट जाड, आणि अचाट आकडे अधूनमधून येणारच.

द हान इथे येतात. अॅमस्टरडॅमच्या त्यांच्या १९७० च्या प्रबंधाचा प्रश्न असा होता: मूळ वितरण दिलं, तर ते यांपैकी कोणत्या घराण्याकडे ओढलं जाईल? ग्नेडेन्कोंनी हे अर्ध्यावर सोडलं होतं, गम्बेलचं घराणं विशेष अवघड होतं. द हान यांनी करामाता यांच्या नियमित चलनाच्या सिद्धांतातून ते तडीला नेलं. तुम्ही दुसऱ्या पानावर अडकता तो हाच भाग असणार. घाबरू नका. तिथे तो माणूस एवढंच विचारतोय की खूप लांब गेल्यावर फलन घातासारखं वागतं का.

१९७४ मध्ये त्यांनी बाल्केमा यांच्यासोबत आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पिकंड्स यांनीही १९७५ मध्ये स्वतंत्रपणे तेच दाखवलं. पुरेसा उंच उंबरठा घेतला, तर त्यावर जाणाऱ्या मूल्यांचा उंबरठ्यावरचा हिस्सा एकाच कुळाच्या वितरणात बसतो, आणि त्यातला गॅमा वरचाच. याचा व्यवहारात फार उपयोग होतो. एका वर्षी तीन मोठी वादळं आली आणि पुढच्या वर्षी एकही नाही, तर वार्षिक कमाल घेणारा दोन खरी वादळं फेकून देतो आणि एक फुटकळ आकडा जपून ठेवतो.

थोडक्यात, दहा हजार वर्षांची नोंद लागत नाही. नोंदीत दिसणाऱ्या शेपटीचा आकार पुढेही तसाच राहतो हे मानावं लागतं, आणि मग गॅमा काढावा लागतो. सगळी जोखीम त्या एका आकड्यात असते. किती, ते बघा. कल्पित ठिकाण घ्या: वार्षिक कमाल पावसाचं स्थान (वितरण कुठे बसतं) १०० मिमी, मोजपट्टी (ते किती पसरतं) ३० मिमी. गॅमा शून्य धरला तर शंभर वर्षांची पातळी २३८ येते आणि दहा हजार वर्षांची ३७६. गॅमा ०.१ केला की २७५ आणि ५५४. उणे ०.१ केला की २११ आणि २८१. शंभर वर्षांच्या नोंदीवरून ०.१ आणि शून्य यांत फरक करणं बहुतेक वेळा जमत नाही. म्हणून जो माणूस तुम्हाला नुसती पातळी देतो आणि तिची कक्षा, म्हणजे ती कुठपासून कुठपर्यंत असू शकते, ते देत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नका.

तुमचा तिसरा प्रश्नही यातच सुटतो. गम्बेल बसवणं म्हणजे न तपासता गॅमा शून्य मानणं. पापालेक्सिऊ आणि कुत्सोयानिस यांनी २०१३ साली जगभरातल्या पंधरा हजारांहून जास्त ठिकाणच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कौल धन गॅमाकडे गेला. पावसासाठी डोळे झाकून गम्बेल वापरला की आकडा कमी येण्याचीच भीती जास्त.

यात एमिल गम्बेल यांचा दोष नाही. ते जर्मन, हायडेलबर्गला शिकवायचे, कट्टर युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धानंतरचे राजकीय खून त्यांनी एकेक करून मोजले: ३५४ उजव्यांनी केलेले, २२ डाव्यांनी. शिक्षा कुणाला किती झाली, तेही मांडलं. १९३२ मध्ये त्यांचा शिकवण्याचा हक्क काढून घेतला गेला. फ्रान्स, मग अमेरिका असा प्रवास झाला आणि पुरांवरचं मोठं काम या निर्वासित काळात झालं.

आता बाबांचा प्रश्न. वर्षाला १ टक्का शक्यता असलेली घटना ३० वर्षांत निदान एकदा घडण्याची शक्यता २६ टक्के असते, म्हणजे दुर्मीळ नाही. पण २००५ ते २०२१ या १७ वर्षांत तीनदा? ती शक्यता दहा हजारांत साधारण सहा. इतकी कमी शक्यता दिसली की 'योगायोग' म्हणू नये. त्या पातळीचा पूर शंभर वर्षांचा नव्हताच, असं मानणं जास्त सयुक्तिक. वडिलांना सांगा, त्यांची शंका रास्त आहे.

गोदाकाठ

सरांचं सगळं मान्य, पण एक अडचण मांडतो. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात नोकरी काढली. हे सगळं गणित असं धरतं की काल, आज आणि उद्या नदी तीच आहे. ती नाही. वर धरणं झाली, पूररेषेत बांधकामं झाली, पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडायला लागला. मग १९६० च्या आकड्याला २०२१ च्या आकड्याशेजारी बसवून गॅमा काढायचा कसा?

म्हणूनच मोठ्या धरणांच्या सांडव्यासाठी आपल्याकडचं भारतीय मानक ११२२३ संभाव्यतेवर थांबत नाही. छोट्या धरणाला शंभर वर्षांचा पूर, मधल्याला प्रमाण पूर (स्टँडर्ड प्रोजेक्ट फ्लड), मोठ्याला संभाव्य महत्तम पूर (प्रोबेबल मॅक्सिमम फ्लड, म्हणजे तिथे येऊ शकेल असा सगळ्यात मोठा). तो शेवटचा आकडा हवामानशास्त्रातून येतो.

आणि जागेचं काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिमीच्या आतच. एका पर्जन्यमापकाचा गॅमा घेऊन शहराचा नाला कसा आखणार?

निवृत्त_सांख्यिकी

दोन्ही आक्षेप बरोबर आहेत आणि दुसऱ्यावर द हान यांनीच काम केलंय. १९८४ मध्ये त्यांनी कमाल-स्थिर प्रक्रियांची मांडणी दिली. त्यात एका ठिकाणच्या कमाल मूल्याऐवजी पूर्ण प्रदेशावरचं कमाल पृष्ठ घेतात. २००८ मध्ये बुइशांड आणि झोउ यांच्यासोबत त्यांनी ती उत्तर हॉलंड प्रांताच्या पावसाला लावली. प्रश्न होता की पूर्ण प्रदेशावर पडणारा एकूण पाऊस शंभर वर्षांतून एकदा किती असेल. सांताक्रूझ आणि कुलाब्याला नेमकं हेच हवं.

पहिल्या आक्षेपावर: स्थान आणि मोजपट्टी काळाबरोबर बदलू देता येतात, पण त्याने उत्तराची कक्षा आणखी रुंदावते. ती रुंदी लपवायची नाही, एवढंच मी म्हणेन. संभाव्य महत्तम पुराला मात्र माझा विरोध आहे. त्याला शक्यता चिकटवलेली नसते, त्यामुळे खर्चाशी तुलना करता येत नाही. डेल्टा समितीसाठी डेव्हिड व्हान डँटझिग यांनी नेमकी तीच तुलना केली होती: बांध एक मीटर उंच करायला किती लागतं आणि बुडालं तर किती जातं. दहा हजार हा आकडा त्या हिशेबातूनही आलाय, निव्वळ समुद्रातून नाही.

कृष्णाकाठचा

सर, गोदाकाठ काका, दोघांचे मनापासून आभार. इथे २०१७ पासून कायदा बदललाय. आता बांधाच्या प्रत्येक टप्प्याला पूर येण्याच्या शक्यतेचं वेगळं मानक आहे, आणि पुरात जीव जाण्याचा धोका कुणालाही वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त नसावा हा पाया आहे. काकांचा आक्षेप आणि सरांचा हिशेब यात एकत्र येतात असं वाटलं.

एक शेवटचं: उंबरठा किती उंच घ्यायचा?

निवृत्त_सांख्यिकी

त्याला सूत्र नाही. खाली घेतलात तर प्रमेय लागू होत नाही, वर घेतलात तर बिंदू उरत नाहीत. वेगवेगळे उंबरठे घेऊन प्रत्येक वेळी गॅमा काढा आणि आलेख काढा. जिथे रेघ काही अंतर सपाट राहते तो पट्टा घ्या. एकाच वादळाचे लागोपाठचे दिवस मात्र आधी एकत्र करा, नाहीतर एक वादळ चारदा मोजलं जाईल. आलेख इथे टाका, सगळे मिळून बघू.