प्रतिसाद: विषय संपत नाहीत, जागा बदलू नका

रोज एक फोटो काढायचा तर महिनाभरात परिसरातले विषय संपतात, असं वर कोणीतरी म्हटलंय. नाशिकच्या बाबतीत तरी मला हे अजिबात पटत नाही. उलट चौकट एकच ठेवा आणि तीच पुन्हा पुन्हा टिपा.

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीचंच घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गोदेचा पूर इथे मारुतीच्या अंगावर मोजतात. काठावरच्या एकाच सुरक्षित जागेवरून काढलेले उन्हाळ्यातले आणि श्रावणातले फोटो शेजारी ठेवून बघा, नदीचं वर्ष समोर उभं राहतं.

रहाडींचंही, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या हौदांचंही, तसंच. तिवंधा चौक, शनी चौक इथल्या रहाडी वर्षभर बुजवलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडतात. त्यामुळे एरवीच्या, वरून गाड्या जाणाऱ्या रस्त्याचा फोटो हवाच. तो नसेल तर रंगाने भरलेल्या हौदाचा फोटो अर्धाच राहतो.

शिवाय २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आहे. त्याच्या तयारीत घाट आणि रस्ते बदलण्याआधीचं रूप आपणच टिपायला हवं, हे मला फार मनापासून वाटतं.

एक मात्र करा: मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की तो आकुंचन पावतो आणि आतली तारीख-वेळेची नोंदही जाते. जागेचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा.