अनुभव धागा: शिवायचे बेत, कपाटातला साठा आणि कापवत नाही असं ते एक कापड

गोधड्या, क्विल्ट, पॅचवर्क जे काय म्हणता ते शिवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. या वर्षी काय काय शिवायचं ठरवलंय, साठ्यातलं सगळ्यात लाडकं कलेक्शन कोणतं, आणि (खरा प्रश्न हा) त्यातलं कापायला हात धजत नाही असं काय आहे ते लिहा. फुशारकी चालेल, रडगाणं तर पळेलच.

सुरुवात मीच करते. गेल्या वर्षी वहीत ११ बेत लिहिले होते, झाले ३. त्या ३ मधला एक तर यादीत नव्हताच, पूर्ण झाल्यावर वर लिहून टिक मारली. लाडकं म्हणाल तर एक जेली रोल आहे, अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी, राखाडी-मोहरी-निळा अशी रंगसंगती, रिबन बांधलेली, सहा वर्षं झाली अजून सोडलेली नाही. दर वर्षी बेतात पहिला नंबर तिचाच असतो. कपाट उघडलं की दिसते, बरं वाटतं, कपाट बंद.

*

माझा बेत एकच, साठा कमी करणे. साठा किती आहे हेच माहीत नव्हतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी वजनकाट्यावर मोजला, हसू नका, एक मीटर सुती कापड आधी तोलून बघितलं ते १५५ ग्रॅम भरलं, मग पिशव्या भरभरून तोलल्या तर सगळं मिळून ३४ किलो, म्हणजे २२० मीटरच्या आसपास. मी खालीच बसले.

मग हिशोब मांडला. ६० बाय ७२ ची गोधडी धरली तर वरच्या थराला शिवणीतलं आणि वाया जाणारं धरून चारेक मीटर जातं, खालचं अस्तर चारी बाजूंना ४-४ इंच जास्तीचं ठेवायचं म्हणजे ६८ बाय ८०, ते ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचे दोन आडवे तुकडे जोडून साडेतीन मीटर, आणि कडेच्या पट्टीला अर्धा. झाले आठ मीटर. म्हणजे साठ्यात २७ गोधड्या आहेत आणि मी वर्षाला ३ करते!! आजपासून एक चिंधीही आणली नाही तरी नऊ वर्षं. यालाच ते सेबल म्हणतात म्हणे, उरलेल्या आयुष्यात संपणार नाही इतका साठा. मी अजून त्यात नाही, पण सीमारेषेवर उभी आहे.

यातून एक शहाणपण आलं ते सांगते. साठा वरच्या थराने संपत नाही हो, अस्तराने संपतो. पूर्वी मी अस्तरासाठी दर वेळी १०८ इंच पन्ह्याचं वेगळं कापड आणायचे आणि साठा आहे तिथेच. आता जे आवडेनासं झालंय (दहा वर्षांपूर्वीची ती घुबडं आठवतायत का, तेव्हा सगळ्यांनाच घुबडं हवी होती) त्याचे मोठे मोठे तुकडे जोडून अस्तर करते. दोन महिन्यांत १४ मीटर बाहेर गेलं. आत किती आलं ते विचारू नका.

*

मी नवीन आहे, दोनच झाल्यात आत्तापर्यंत. यूएफओ म्हणजे काय? सगळे लिहितात.

*

अगं अर्धवट राहिलेलं काम. उडती तबकडी नव्हे, पण कपाटाच्या वरच्या फळीवर असते आणि घरातल्या बाकीच्यांनी कधी पाहिलेली नसते एवढं साम्य आहे. माझ्याकडे ९ आहेत, पैकी ७ नुसते कडेची पट्टी लावायच्या राहिल्यात. पट्टी म्हणजे एका संध्याकाळचं काम ना, तरी नाही होत.

*

इथे पुरुष मी एकटाच दिसतोय, असो. बायकोचं मशीन सहज म्हणून घेतलं ते परत दिलं नाही, आता तिने दुसरं घेतलंय.

माझा बेत: पाव इंचाची शिवण खरोखर पाव इंचाची येणे. हसाल, पण सगळं तिथेच आहे. पहिल्या गोधडीत अडीच इंची आठ चौकोन एका ओळीत जोडले, ओळ साडेसोळा इंच यायला हवी ती साडेपंधराच्या जेमतेम वर. बाजूची ओळ दुसऱ्या दिवशी शिवलेली, ती सोळा. कुठेच काही जुळेना. नंतर कळलं की शिवण फक्त अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त घेत होतो, पण ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एका शिवणीला एक सूत, सात शिवणींना सात सूत, पाऊण इंचाच्या वर गायब. सुतारकामात बरं असतं, लाकूड ताणलं जात नाही. हे तर उरेब कापलं की बघता बघता वाढतं.

नव्या मुलीसाठी माझी चाचणी: दीड इंची तीन पट्ट्या जोडायच्या, इस्त्री करायची, मधली मोजायची. बरोबर एक इंच आली तर तुमचा पाव इंच खरा. जास्त आली तर शिवण कमी घेताय, कमी आली तर जास्त. शिवण केसभर पाव इंचाच्या आतच घ्यावी लागते कारण कापड शिवणीवर दुमडतं तिथे थोडी जाडी खाल्ली जाते. आणि सुई बदला हो, आठ-दहा तास शिवलं की बदलायची, मी पहिली सुई तुटेपर्यंत वापरली होती.

साठा म्हणाल तर फक्त प्लेन. कोना कॉटन या प्लेन कापडाचं रंगपत्रक घेतलंय, ३६५ रंग, वर्षातल्या दिवसांइतके, छापील फोटो नाही, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. रोज रात्री बघतो. प्रिंट घेत नाही कारण प्रिंट कापताना फुलाची मान कापली जाईल असं काहीतरी वाटतं.

*

दादा, फुलाची मान :)) मी तर केफ फॅसेट या डिझायनरची मोठ्या फुलांची प्रिंट जमवते, एकेक गुलाब ताटाएवढा. त्याचे अडीच इंची तुकडे केले तर गुलाब राहतच नाही, नुसते गुलाबीचे डाग. आणि मजा म्हणजे ते डागच छान दिसतात. घडी घातलेलं कापड कपाटात दिसतं तेव्हा ते वेगळं आणि कापल्यावर वेगळं, पहिला काप मारेपर्यंत हे कळत नाही.

*

माझा बेत मोठा आहे आणि मी आधीच सांगते की या वर्षी होणार नाहीये. व्हरमाँटमधल्या जेन स्टिकल या बाईने १८६३ साली केलेली क्विल्ट, तिचे मधले १६९ ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), एकासारखा दुसरा नाही, साधारण साडेचार इंची, शिवाय कडेने त्रिकोण. एकूण ५६०२ तुकडे, हे कोणी नंतर मोजलं नाही, तिनेच कोपऱ्यात टाक्यांनी लिहून ठेवलंय, युद्धकाळात, १८६३, तुकडे इतके. मला ते फार आवडतं. अमेरिकेत यादवी युद्ध चाललंय आणि ही मोजतेय. मूळ क्विल्ट बेनिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे, उजेडाने कापड खराब होतं म्हणून वर्षातून काही आठवडेच बाहेर काढतात.

माझे ४३ झालेत. साडेचार इंचात कधी कधी तीस-तीस तुकडे बसवायचे असतात, चिमट्याने धरावे लागतात. एका ब्लॉकला मी चार रविवार घालवले आणि पाचव्या रविवारी उसवला.

साठा सगळा याच्यासाठीच, जुन्या नमुन्यांवरून नव्याने छापलेली कापडं, बारीक बुट्टी, तपकिरी, मंजिष्ठ लाल, विटकरी, एक विचित्र विषारी हिरवा. दुकानात एकटं ठेवलं तर कोणी ढुंकून बघणार नाही असे रंग. पण शेजारी शेजारी लावले की जुनं लाकूड पुसल्यावर दिसतं तसं दिसतं. यात कापायला भीती वाटत नाही, एका वेळी तळहाताएवढंच तर लागतं. माझी भीती उलटी आहे. झाली तर पुढे काय करू?

*

लाल कापडाचं नाव निघालंय म्हणून लिहिते. लाल कापड आधी धुऊन घ्या. धुऊन घ्या. धुऊन घ्या. दोन वर्षं लागलेली लाल-पांढरी, आठ टोकांच्या चांदण्या, ९ बाय ९ फुटी, पहिल्या धुण्यात सगळं पांढरं गुलाबी झालं. मशीनसमोर उभी राहून रडले. एकच गोष्ट बरोबर केली, वाळू दिली नाही. तशीच ओली टबमध्ये टाकली, भरपूर कडकडीत पाणी, भांड्यांचं द्रव साबण, क्विल्ट मोकळी तरंगली पाहिजे, आणि बारा तास विसरून गेले. पाणी सरबतासारखं लाल. ओतलं, परत भरलं. तिसऱ्या पाण्याला पांढरं पांढरं झालं. वाळवली असती किंवा इस्त्री फिरवली असती तर तो गुलाबी काढणं अवघड गेलं असतं.

*

ताई, पटतंय, पण माझं मत वेगळं आहे. मी काहीच आधी धूत नाही. धुतलं की खळ जाते, कापड लुळं पडतं, रूलरखाली सरकतं. आणि शिवून झाल्यावर धुतलं की सगळं मिळून तीन-चार टक्के आटतं आणि त्या सुरकुत्या पडतात ना, जुन्या गोधडीसारख्या, त्यासाठीच तर मी शिवते. जेली रोल आणि पाच इंची चौकोनांची पाकिटं तर धुवायचीच नाहीत, नुसता दोऱ्यांचा गुंता होतो. लाल असेल तर मात्र एक तुकडा गरम पाण्यात टाकून बघते, एवढं ऐकलं तुमचं.

*

मशीन नाही, हात. कागदावर कापड दुमडून षटकोन, बाजू एक इंच, कडेकडेने बारीक टाके. प्रवासात, डॉक्टरकडे थांबल्यावर, कुठेही. साठा लंडनच्या लिबर्टीचं टाना लॉन हे कापड, तेही कातरणच, कारण अख्खं घ्यायची हिंमत नाही. इथिओपियातल्या टाना सरोवरावरून नाव आहे त्याचं. सुती आहे यावर विश्वास बसत नाही इतकं तलम. बेत काही नाही. रोज एक षटकोन. मोजत नाही.

*

थोडं मोठं होईल, चालवून घ्या.

माझ्याकडे जो साठा आहे तो माझा नाही. आम्ही दोघी वीस वर्षं एकत्र शिवायचो, ती गेली, तिच्या मुलाने सहा खोकी माझ्या घरी आणून ठेवली, म्हणाला मावशी मला यातलं काही कळत नाही. वर्षभर ती खोकी मी उघडली नाहीत. ती माझ्यासारखी नव्हती, सगळं नीटनेटकं, प्रत्येक घडीला टाचणीने चिठ्ठी. 'अस्तर, १० सेंमी कमी पडेल.' 'हे महाग पडलं, जपून.' एकावर नुसतं 'का घेतलं?' मी घडी हातात घेऊन मोठ्याने हसले, घरी कोणी नव्हतं.

चौथ्या खोक्यात तिचे १७ ब्लॉक निघाले, लॉग केबिन, मधला चौकोन लाल आणि भोवती उजेड-सावलीच्या पट्ट्या. सोबत कागदावर ३० ची आकृती. म्हणजे १३ राहिले होते. ठरवलं की हे पुरे करायचे, पट्ट्यांसकट सगळं कापलेलंच होतं. मी चार केले आणि शेजारी ठेवले तर माझे साडेबारा इंच आणि तिचे सव्वाबारा. वीस वर्षं शेजारी बसून शिवलं आणि तिचा पाव इंच वेगळा होता. मला कधीच कळलं नव्हतं.

मग काय करायचं? तिचे मोठे होणार नाहीत. माझे कापून लहान केले तर बाहेरची पट्टी बारीक होऊन डोळ्यात खुपेल. परत शिवताना मुद्दाम शिवण जास्त घेऊन बघितली, ते हाताला जमेना, दर दोन पट्ट्यांनी माझं मूळ मोजमाप परत यायचं. शेवटी तिच्या प्रत्येक ब्लॉकभोवती बारीक पट्टी लावायची ठरवली आणि मग छाटून माझ्याएवढे करायचे. पट्टीला कापड कोणतं घ्यावं यावर आठ दिवस गेले. 'का घेतलं?' वालं घेतलं. काळपट जांभळं आहे, वेड्यासारखे नारिंगी ठिपके, मलाही कळत नाही तिने का घेतलं असेल, पण लाल चौकोनाला ते उठाव देतंय. आता ९ ब्लॉकना लागलंय आणि ते पुरणार नाही असं दिसतंय. कुठे तसं मिळालं तर सांगा, किनारीवरचं नाव कापलं गेलंय, फोटो उद्या टाकते.

*

मावशी, फोटो नक्की टाका. नाही मिळालं तर शेवटच्या चार-पाचांना दुसरा जांभळा लावा, चालतो तो.

*

धागाकर्ती परत आलेय. काल रात्री तुमचं सगळं वाचलं आणि उठून रिबन सोडली. वाटलं होतं काहीतरी होईल, झालं एवढंच की बारीक कापूस सगळ्या टेबलावर आणि माझ्या काळ्या टॉपवर. पट्ट्या ४०. वरच्या दोन उजेडाने कडेला फिकट झाल्यात, सहा वर्षं काचेच्या कपाटात ठेवायचं फळ. एकेक पट्टी टोकाला टोक जोडून ती सोळाशे इंचांची लांबलचक पट्टी करायची, मग निम्मी दुमडायची, शिवायची, परत निम्मी, ते करणार आहे. फिकट टोकं जोडाच्या शिवणीत जातील तेवढी घालते.

एक प्रश्न. कडा नागमोडी कापलेल्या आहेत तर पाव इंच धरायचा तो टोकापासून की खाचेपासून?

*

टोकापासून. पण आधी एक पट्टी रूलरवर ठेवून बघा, टोकापासून टोकापर्यंत अडीच भरतात का. माझ्या एका रोलमध्ये खाचेपासून भरत होते.

*

बघितलं. टोकापासून अडीचला अर्धा सूत जास्तच आहे. आता?