कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला पाणी: पहाटे की आदल्या दुपारी?

कादवाकाठ (धागाकर्ता)

निफाडचा पारा उतरला की दर हिवाळ्यात एकच सल्ला फिरतो: पहाटे ड्रीप सोडा, बांधावर शेकोट्या पेटवा. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली गेला, पानांवरचं दव गोठलं. तेव्हापासून तर हा सल्ला कोणी तपासूनच बघत नाही.

माझं म्हणणं असं, की पाण्याने बाग वाचते, पण पहाटेच्या ड्रीपने नाही. आदल्या दुपारी जमीन ओली पाहिजे.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आणि जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात. थंड हवा जड, ती खाली बसते. अशा रात्री बागेला बाहेरून ऊब मिळत नाही, जी मिळते ती पायाखालच्या मातीतून. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा जास्त, त्यामुळे दिवसाचं ऊन वरच्या दोन बोटांतच राहतं आणि दिवेलागणीपर्यंत उडून जातं. ओली, बसलेली माती तेच ऊन फूटभर खोल घेते आणि रात्रभर सावकाश परत देते. पहाटे चारला पाणी सोडलं तर त्या मातीने ऊन घ्यायचं कधी?

दुसरी गोष्ट. ड्रीपने बोदाखालचा (वेलींच्या ओळीतल्या उंच गादीखालचा) पट्टाच भिजतो. ऊन पडतं ते दोन ओळींच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कोरडी ठणठणीत. थंडीची लाट येणार असं हवामान खात्याने सांगितलं की त्या मधल्या पट्ट्यात एक हलकं पाणी द्या, तिथलं गवत कापा, पाचट असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं बाजूला ओढा. पाचट उन्हाळ्यात सोन्यासारखं, पण थंडीत ते ऊन मातीपर्यंत जाऊच देत नाही.

गोदाकाठचा बागायतदार

दादा, मातीचं तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण पहाटेचं पाणी असं मोडीत काढू नका. आमच्या विहिरीचं पाणी भर थंडीत २४-२५ अंशांचं येतं. पहाटे हात घातला तर कोमट लागतं. ९ बाय ५ ची लागवड म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर झाडं, झाडाला ४ लिटरचे दोन ड्रीपर. तासाला पावणेआठ हजार लिटर पाणी होतं. ते २५ वरून ५ अंशांवर आलं तर दीड लाख किलोकॅलरी उष्णता बागेत सुटली. चौरस मीटरमागे काढा, ४४ वॅटच्या आसपास येते. मोकळ्या रात्री जमीन साधारण ६० ते ९० वॅट गमावते असं धरलं तर निम्म्याच्या जवळपास भरपाई झाली की नाही? याला काहीच नाही कसं म्हणायचं?

आणि काळ्या जमिनीचं काय? दुपारी मधला पट्टा भिजवायचा, लाट पाच-सहा दिवस चालली की परत भिजवायचा. गार चिकण मातीत पांढरी मुळी (पाणी शोषणारी कोवळी मुळं) आधीच थांबलेली असते. तिच्या भोवती पाणी साचलं की पानं पिवळी पडणार. मण्यात पाणी उतरलेल्या (माल पिकायला लागलेल्या) बागेत तर जादा पाण्याने मणी तडकण्याची भीती वेगळीच. तो माल व्यापारी बघणारसुद्धा नाही.

कादवाकाठ

भाऊ, तुमचा हिशोब मला आवडला, आकडा मान्य आहे. पण ती ऊब जाते कुठे ते बघा. ड्रीपचं पाणी टपकलं की मातीत मुरतं, उष्णता बोदात राहते. घड लटकतात मांडवाखाली पाच फुटांवर. बोदातली ऊब तिथवर पहाटेच्या दोन तासांत पोहोचत नाही. तेच पाणी आदल्या दिवशी दिलं तर त्याची स्वतःची ऊब तर मिळतेच, वर दिवसभराचं ऊनही साठतं.

काळ्या जमिनीबद्दल: मी हलकं पाणी म्हटलंय, तुंबवायचं नाही. फूटभर माती ओली झाली की हात आखडायचा. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही) नसेल तर द्यायचंच नाही.

मृदगंध

तुम्ही दोघंही पाणी जमिनीवर देताय. फ्रान्समध्ये शाब्ली भागात द्राक्षाच्या वेलींवरच तुषार मारतात, त्यासाठी बेन गावाजवळ तलावही केलाय. पाणी कोंबाभोवती गोठतं आणि गोठताना किलोमागे ८० किलोकॅलरी सोडतं. तुमचं पाणी २५ वरून ५ अंशांवर येताना किलोमागे २० सोडतं, त्याच्या ते चौपट आहे! जोवर वर ओलं पाणी पडत राहतं तोवर आतला कोंब शून्याच्या आसपासच राहतो, मरत नाही. हवा उणे असली तरी. आपल्याकडे मांडवावर मायक्रो स्प्रिंकलर बसवायला काय हरकत आहे?

द्राक्षकन्या

मृदगंध, हरकत मोठी आहे. शाब्लीत एप्रिलमध्ये कोवळे कोंब असतात आणि पारा उणे दोन-तीनवर जातो. आपल्याकडे गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सप्टेंबर-ऑक्टोबरला, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पूर्ण पानोळा आणि घड अंगावर. पारा बहुतेक रात्री ३ ते ६ अंश. पाणी गोठलंच नाही तर तुमच्या ८० किलोकॅलरी येणार कुठून? उलट कोरड्या हवेत ते उडायला लागलं की किलोमागे ६०० च्या आसपास उष्णता पानातूनच ओढून नेणार. थंडीपासून वाचवायला गेलो आणि पान आणखी गार करून ठेवलं, असं होईल.

शिवाय एकदा सुरू केलं की ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत थांबता येत नाही. मध्येच लाइट गेली तर न मारण्यापेक्षा जास्त नुकसान. तासाला ३ मिलिमीटर धरलं तरी एकरी बारा हजार लिटर, पाच तासांत साठ हजार. आणि रात्रभर ओली पानं म्हणजे डाऊनी रोगाला आमंत्रण. पुढच्या आठवड्यात फवारणीचा खर्च कोण करणार? निर्यातीच्या बागेत औषधांच्या अवशेषांचा प्रश्न येतो तो वेगळाच.

मूळ प्रश्नावर मी कादवाकाठ यांच्या बाजूने आहे, एक भर घालून. खोलगट प्लॉट आणि उंचावरचा प्लॉट यांना एक नियम लावू नका. ओढ्याकाठच्या बागेत थंड हवा साचते. तिथे खालच्या बांधाचं दाट कुंपण मोकळं केलं तर हवा वाहून जाते, आणि त्याला थेंबभर पाणी लागत नाही.

रावेरकर

केळीवाल्याने बोललं तर चालेल ना? आमच्याकडे पारा ८-१० वर आला की नवं पान निघत नाही, निसवण (घड बाहेर पडणं) अडकते, घड पोग्यातच (गुंडाळलेल्या नव्या पानात) गुंततो. पीक विम्यात कमी तापमानाचा निकष आहे तो याचसाठी. आम्ही रात्री पाणी देतो आणि देणार. केळीचा पानोळा इतका दाट की दिवसा जमिनीवर ऊन पडतच नाही, मग दुपारी भिजवून ऊन कसलं साठवणार? आम्हाला ट्यूबवेलच्या पाण्याच्या उबेवरच भागवावं लागतं. तेव्हा पहाटेचं पाणी चूक हा नियम सगळ्या पिकांना लावू नका. पिकाखाली ऊन पोहोचतं का, ते आधी बघा.

जलजागर

रावेरकर, तुमचा मुद्दा पटतो, पण रावेर-यावलमधली भूजलाची ओढाताण तुम्हाला मी सांगायला नको. उबेसाठी रात्ररात्र उपसा करायचा ही सवय कुठे नेते ते फ्लोरिडाने पाहिलंय. जानेवारी २०१० मध्ये प्लांट सिटीच्या आसपास स्ट्रॉबेरी वाचवायला शेतकऱ्यांनी सलग ११ दिवस भूजल उपसलं. पातळी ६० फुटांनी खाली गेली, साडेसातशेच्या आसपास घरगुती विहिरी कोरड्या पडल्या आणि १४० हून जास्त ठिकाणी जमीन खचली. तिथला चुनखडक वेगळा, आपला काळा कातळ तसा खचणार नाही. पण शेजाऱ्याची विहीर कोरडी पडायला चुनखडक लागत नाही.

थंडीचं पाणी हे आधीच तुटीच्या पाण्यातून जातं. जानेवारीत एकरी चार-सहा रात्री उडवलेलं पाणी एप्रिलच्या खरड छाटणीला (काड्या तयार करायच्या छाटणीला) कमी पडतं. पहाटे द्या नाहीतर दुपारी, आधी वर्षाचा ताळेबंद मांडा.

गोदाकाठचा बागायतदार

ताळेबंद सगळेच मांडतात हो. लाइटचं कोणी बोलतच नाही! थ्री फेजचा लोड (मोटरची वीज) कधी दिवसा, कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्रीचा लोड त्या आठवड्यात कादवाकाठ दादांची दुपार आणायची कुठून? आणि रात्री मोटर चालू करायला जायचं तर उसाच्या कडेने जायचं. गोदाकाठी बिबट्या काय चीज आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. माणसाचा जीव द्राक्षापेक्षा मोठा आहे.

कादवाकाठ

याच कारणासाठी मी दुपारच्या पाण्याचा आग्रह धरतो. सौर पंप आणि सौर कृषी वाहिनीची वीज दिवसाच मिळते. ती ज्यांच्याकडे आली त्यांना पहाटेचं पाणी द्यायचं म्हटलं तरी देता येणार नाही. त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी दुपारी भिजवलेली जमीन हाच उपाय आहे, आणि तो बिबट्याच्या वाटेवरून जात नाही. रात्रीचाच लोड असेल तर लाट यायच्या एक-दोन रात्री आधी पाणी देऊन ठेवा. ओली माती दुसऱ्या दिवशीचं ऊन घेईलच.

या थंडीत एक करू. एकाच बागेत चार ओळी दुपारी भिजवलेल्या, चार पहाटेच्या ड्रीपच्या, चार नुसत्या. प्रत्येकीत घडाच्या उंचीवर साधा किमान तापमानाचा थर्मामीटर टांगा, त्यावर ऊन-दव पडणार नाही असं बघा. सूर्योदयाला वाचून आकडे इथे टाका.

गोदाकाठचा बागायतदार

टांगतो. पण थर्मामीटर मीच आणणार, आणि चार ओळी पहाटेच्या माझ्या विहिरीच्या पाण्याने.

द्राक्षकन्या

एक थर्मामीटर जमिनीपासून फूटभरावरही लावा. ड्रीपची ऊब खाली अडकते की वर चढते, हा तुमचा दोघांचा सगळा वाद तिथेच आहे.