चाळीसगाव आणि नंदुरबारच का बिघडतात?

जुनासीवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सी भाषेत स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) शेवटी नल, म्हणजे मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट, टाकायचा राहून गेला? एक ओळ टाका, विषय संपला." त्या एका ओळीपायी माझ्या तीन रात्री गेल्यात, म्हणून लिहितो. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरांतल्या बॉक्सांतून आमच्या सर्व्हरवर तापमानाची पॅकेटं येतात. नावाला 24 बाइट, त्याला चिकटून तापमान, तेही अक्षरांत. भुसावळ, यावल, धुळे झकास. पण स्क्रीनवर "चाळीसगाव17.5"! नंदुरबारचं तेच. नाव जुळेना, म्हणून अलार्म वाजेना. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं अक्षर 3 बाइट, काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी आणखी 3. दोन्ही नावं आठ त्रिक चोवीस, काठोकाठ. नलला जागा उरली नाही तर स्ट्रएनकॉपी (ठरलेल्या बाइटांपर्यंत मजकूर कॉपी करणारं सीचं फंक्शन) तो टाकतच नाही, आणि सांगतही नाही.

एकओळ: तो "कुणीतरी" मीच. शेवटच्या बाइटवर शून्य ठेव, सुटलं की! तीन रात्री कशाला जागलास भो?

जुनासीवाला: पहिल्या रात्री तेच केलं. "व"चे दोनच बाइट उरले. "चाळीसगा" आणि पुढे चौकोन. अलार्म मुकाच.

तापीकाठ: स्ट्रएलकॉपी वापरायची ना, ती नल टाकतेच. ओपनबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीमवर 1998 पासून आहे. जीलिबसीवाले (लिनक्सवरची सी लायब्ररी बनवणारे) 2023 पर्यंत नको म्हणत बसले, त्यांचं ऐकून आपणही बसलो.

जुनासीवाला: तीही नलसाठी एक बाइट राखून 23 वरच कापणार, चौकोन तोच. आणि लिनक्स कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) 2024 मध्ये तिलाच हाकललं, ते नाही सांगितलंत?

हिंजवडीकर: मुळात गावांची नावं इंग्रजीत ठेवा. चाळीसगाव 10 बाइट.

वरणबट्टी: आमच्या चेंबरवर रात्रपाळीला माझा चुलता असतो. तो मराठीच वाचतो. त्याच्यासाठी तुम्ही येता का हिंजवडीहून?

हिंजवडीकर: मीही पाचोऱ्याचाच आहे.

वरणबट्टी: मग जास्तच वाईट.

तापीकाठ: मुक्ताईनगरचं काय? 30 बाइट. जुनं नाव एदलाबाद 21, आरामात बसलं असतं.

वरणबट्टी: 24 बाइटांच्या बफरसाठी मुक्ताबाईंचं नाव काढता?

तापीकाठ: गंमत केली हो. माझी आजी अजून एदलाबादच म्हणते, तिला सांगा.

वरणबट्टी: आजीला मध्ये आणू नका. आमच्या तालुक्याची गंमत प्रत्येकाला सुचते.

जुनासीवाला: मी काय सांगी राहिनू अन् तुम्ही कुठे चालले! पॅकेटमधल्या 24 मध्ये नल नाही, ही चूकच नाही. स्ट्रएनकॉपी असल्याच ठरीव मापाच्या खान्यांसाठी होती, जुन्या युनिक्सच्या 14 बाइटी फाइलनावांसाठी. चूक आमची: खान्याला स्ट्रिंग समजलो. आता सर्व्हरवर 25 बाइट घेतले, 24 मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उचलणारं फंक्शन) उचलले, पंचविसावा शून्य.

एकओळ: म्हणजे एकच ओळ ना शेवटी?

जुनासीवाला: ओळ एक, बाइटही एक. घे बाबा, जिंकलास. पण तुझी ओळ तुझ्या जागेवर टाकली असती तर चाळीसगावची केळी काळी पडली असती.

वरणबट्टी: आणि मुक्ताईनगर?

जुनासीवाला: ते बॉक्समध्येच कापलं जातं. "मुक्ताईन" येतं. बॉक्सवाल्याला पाच फोन केले, उचलत नाही.